मोलाने की मनाने?

ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सैतान परमेश्वराला एक प्रश्न विचारतो. ईयोब सरळ व सात्त्विक आहे ही गोष्ट तो नाकारीत नाही; त्याची हरकत निराळी आहे. हा मनुष्य देवाचे भय बाळगतो ते काय फुकट? त्याच्या घरादाराभोवती कुंपण आहे, हाताला यश आहे, गुरेढोरे वाढत आहेत. हे सारे काढून घ्यावे, म्हणजे त्याच्या भक्तीचे खरे मोल कळेल, असे सैतानाचे म्हणणे. मूळ इब्रीत या ठिकाणी ‘हिन्नाम’ असा शब्द आहे. विनामोल, फुकट, कारणावाचून अशा त्याच्या छटा आहेत. पुढच्या अध्यायात परमेश्वर तोच शब्द सैतानावर उलटवितो: या माणसाचा नाश करण्यास तू मला ‘हिन्नाम’, म्हणजे विनाकारण, प्रवृत्त केलेस. भाषांतर करणाऱ्याला अशी जागा फार वेळ अडवून धरते. दोन्हीकडे एकच शब्द ठेवावा तर मराठी वाक्य अवघडते; दोन वेगळे ठेवावेत तर लेखकाने मारलेली गाठ सुटते.

परंतु वाचकहो, आज मी भाषांतराची अडचण सांगण्यासाठी लेखणी हाती घेतलेली नाही. सैतानाचा तो प्रश्न केवळ ईयोबापुरता नाही, तो मनुष्यस्वभावाविषयीचा एक सिद्धान्तच आहे. मनुष्य कोणतीही चांगली गोष्ट केवळ तिच्यासाठी करीत नाही. प्रत्येक सत्कृत्याच्या पोटात काही ना काही देणेघेणे असते, असा तो सिद्धान्त. आपण सैतानाला तोंडाने नाकारतो. परंतु शब्बाथशाळेत वचने पाठ करून घेताना, घरी मुलांना अभ्यासाला बसविताना, मंडळीत माणसे कामाला लावताना आपण बक्षीस, मानधन, दंड आणि लाज यांचाच आधार घेत असू, तर कृतीने आपण त्याचा सिद्धान्त मान्य केला असे होत नाही काय? या प्रश्नावर गेल्या सत्तरएक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. आंतरिक प्रेरणा आणि बाह्य प्रेरणा या नावांनी तो विषय ओळखला जातो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात वर्तनवादाचे प्राबल्य होते. ज्या कृतीमागून सुखद फळ मिळते ती कृती पुनःपुन्हा केली जाते, हे त्या विचाराचे मुख्य सूत्र. १९५० साली हॅरी हार्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील काही निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या सूत्राला पहिला तडा गेला. माकडांपुढे खिट्ट्या व कड्या असलेले एक यांत्रिक कोडे ठेवले होते. ते उघडल्यावर खाऊ मिळत नव्हता, शाबासकीही नव्हती. तरीही माकडे ते दिवसामागून दिवस उघडीत राहिली आणि त्यात तरबेज झाली. काम करण्यातच त्यांना काहीतरी लाभत होते.

दोन दशकांनंतर एडवर्ड डेसी या तरुण संशोधकाने तोच प्रश्न माणसांपुढे ठेवला. लाकडी ठोकळ्यांचे सात तुकडे जोडून निरनिराळ्या आकृत्या बनविण्याचा ‘सोमा’ नावाचा एक खेळ आहे. डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तीन बैठकांत तो खेळावयास दिला. एका गटाला दुसऱ्या बैठकीत, प्रत्येक सुटलेल्या आकृतीमागे एक डॉलर देण्यात आला. दुसऱ्या गटाला कधीच काही दिले नाही. प्रत्येक बैठकीत मध्येच संशोधक काही निमित्ताने आठ मिनिटे बाहेर जाई. खोलीत मासिके पडलेली असत, विद्यार्थ्यांनी काय करावे याचे बंधन नसे. पैसे मिळत होते त्या बैठकीत पहिल्या गटाने मोकळ्या वेळातही पुष्कळ खेळून पाहिले. तिसऱ्या बैठकीत पैसे थांबले आणि त्यांचा ओढा पहिल्यापेक्षाही उणा झाला. हा प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाला.

यापेक्षाही बोलका प्रयोग लहान मुलांचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बिंग बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो केला व १९७३ साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली ५१ मुले त्यांनी निवडली. काही मुलांना अगोदर सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी मोहोर आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी बालवाडीत पुन्हा ते पेन ठेवले व कोण किती वेळ रमते ते पाहिले. ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांनी मोकळ्या वेळातील सुमारे १६.७ टक्के वेळ चित्रांत घालविला. ज्यांना अनपेक्षित मिळाले होते त्यांनी १८.१ टक्के, आणि ज्यांना आधी कबूल करून दिले होते त्यांनी केवळ ८.६ टक्के. इतकेच नव्हे, बक्षिसावर डोळा ठेवून काढलेली चित्रे परीक्षकांना गुणवत्तेतही उणी वाटली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन गटांना मिळालेले प्रशस्तिपत्र एकच होते. घात बक्षिसाने केला नाही, अगोदर घातलेल्या अटीने केला. अट घालताच मुलाच्या मनातील प्रश्न बदलतो. ‘आता कोणता रंग लावू?’ असे विचारणारे मूल ‘एवढे पुरे होईल का?’ असे विचारू लागते. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व पुढील लेखनात याची मीमांसा केली. आपले काम आपल्या इच्छेचे असावे, ते आपल्याला साधावे, आणि ते करताना माणसांशी आपले नाते असावे, या तीन गरजा मनाच्या मुळाशी आहेत, असे ते म्हणतात. तेच पारितोषिक ‘तुझे काम चांगले झाले’ असे सांगू शकते किंवा ‘माझ्या मनासारखे वाग’ असेही सांगू शकते. पहिल्याने मन बळावते. दुसऱ्याने ते परक्याच्या स्वाधीन होते.

हे सर्वांनी एकमुखाने मान्य केले असे नाही. १९९४ साली जूडी कॅमरन आणि डेव्हिड पियर्स यांनी अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन बक्षिसांची ही भीती अतिशयोक्त असल्याचे मांडले. त्याला उत्तर म्हणून १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून निष्पन्न झाले ते असे: कबूल करून दिलेली, काम करण्याशी बांधलेली वस्तुरूप बक्षिसे आवडीला मारक ठरतात, अनपेक्षित बक्षिसांनी तशी हानी होत नाही, आणि जे काम मुळातच कंटाळवाणे आहे तेथे मारण्यासारखी आवडच नसते. तेव्हा प्रत्येक बक्षीस विषसमान आहे असे कोणी समजू नये.

हे सारे प्रयोग माझ्या वाचनात आले ते माझ्या हातून चूक घडून गेल्यावर. ती चूक येथे सांगणे मला प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ भागात तेथील आदिवासी बोलीत शुभवर्तमानाचे भाषांतर चालले होते. कच्चा मसुदा झाला की तो गावकऱ्यांना वाचून दाखवायचा, त्यांना काय कळले ते विचारायचे आणि अडलेला शब्द त्यांच्याकडूनच घ्यायचा, अशी आमची रीत. शेतावरून परतल्यावर सात-आठ माणसे एका घराच्या पडवीत कंदिलाभोवती जमत. त्यांना कोणी काही देत नव्हते. चहा तेवढा होई. त्यांत एक वृद्ध बाई होत्या. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील एका शब्दावर त्यांनी आमची अख्खी संध्याकाळ घेतली. त्या वाटसरूला कळवळा आला तो जखमी माणसाच्या जवळ गेल्यावर, की लांबून पाहताक्षणी? कारण त्यांच्या बोलीत त्या दोहोंसाठी दोन शब्द होते. मूळ ग्रीक वाक्य पुन्हा काढून पाहावे लागले. त्या रात्री मी पोथी मिटली तेव्हा तो दाखला मला आयुष्यात प्रथमच नीट कळला होता.

परंतु पावसाळ्याच्या आत अमुक इतके अध्याय पुरे व्हावेत असा माझा हिशेब होता. काम मंद चालले आहे असे वाटून मी तपासलेल्या प्रत्येक अध्यायामागे प्रत्येकाला दहा रुपये देण्याची व्यवस्था करून घेतली. कल्पना सर्वस्वी माझी होती. पहिल्या आठवड्यातच फरक दिसला. एका संध्याकाळी दोन-दोन अध्याय होऊ लागले. मी समाधानाने तसे अहवालात लिहिले. अडलेल्या शब्दांची वही मात्र रिकामी राहू लागली. “बरोबर आहे, पुढचं वाचा,” हे वाक्य मी त्या दिवसांत जितके ऐकले तितके आधी कधी ऐकले नव्हते. सहा महिन्यांनी तो निधी संपला. मी सांगितले की आता पूर्वीसारखेच बसू. दुसऱ्या दिवशी पडवीत दोन माणसे आली, तिसऱ्या दिवशी एकही नाही.

मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांचे बोलणे मी मराठीत सांगतो. त्या म्हणाल्या, “मास्तर, आधी मी माझ्या कामाला येत होते. मग तुम्ही पैसे दिले, तेव्हा ते तुमचं काम झालं. तुमचं काम आता संपलं ना?”

पुढे हैफा शहरातील पाळणाघरांचा वृत्तान्त वाचला तेव्हा मला त्या बाई आठवल्या. यूरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. दहा पाळणाघरांपैकी सहांनी, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाला. शिक्षिकेला ताटकळत ठेवू नये ही जी भीड होती तिची जागा किमतीने घेतली, आणि किंमत भरली की भीड कशाला? काही आठवड्यांनी दंड रद्द केला. तरीही उशीर पूर्ववत खाली आला नाही. नात्याला एकदा मोल लावले की ते मोल काढून घेता येते, पण त्याबरोबर गेलेले नाते परत येईलच असे नाही.

वाचकहो, येथे थांबलो तर हा लेख एका अन्यायाच्या उपयोगी पडेल, म्हणून माझी दुसरी चूक सांगतो. त्याच काळात एक तरुण आमच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करीत असे. दिवसभराचे, डोळे शिणविणारे काम. त्याला अत्यल्प मानधन मिळे. त्याने वाढ मागितली तेव्हा ही प्रभूची सेवा आहे, तिच्याकडे नोकरी म्हणून पाहू नये, असे मी त्याला समजावले. तो नम्रपणे म्हणाला, “सर, सेवा तर मी करतोच आहे. पण घरभाडं सेवेनं भरता येत नाही.” दोन महिन्यांनी तो एका दुकानात हिशेबनीस म्हणून गेला. ज्यांनी मागितले नव्हते त्यांना मी आमिष दाखविले. ज्याचे देणे लागत होतो त्याला उपदेश दिला. आपल्या संस्थांतून, शाळांतून, मंडळ्यांतून कित्येक शिक्षिका, परिचारिका आणि सुवार्तिक यांच्या वाट्याला हा उपदेश आलेला आहे. आंतरिक प्रेरणेचा सिद्धान्त कमी वेतनाचे समर्थन म्हणून वापरणे हा त्या सिद्धान्ताचा अपमान होय. वेतन हे उपजीविकेचे साधन व न्यायाचा भाग आहे, त्याला प्रलोभन म्हणता येत नाही. ज्याला उद्याच्या भाकरीची चिंता आहे त्याचे मन कामात रमावे तरी कसे?

या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे शास्त्रात स्पष्ट दिसते. ‘हिन्नाम’ या शब्दासाठी प्राचीन ग्रीक भाषांतरात, ईयोबाच्या त्याच वाक्यात, ‘दोरेआन’ असा शब्द घातलेला आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू बारा शिष्यांना पाठविताना तोच शब्द दोनदा उच्चारतो: तुम्हांला मिळाले ते दोरेआन, तेव्हा द्या तेही दोरेआन. आणि अवघ्या दोन वचनांनंतर कामकऱ्याला त्याचे अन्न मिळणे योग्य आहे असेही सांगतो. लूककृत शुभवर्तमानात अशाच प्रसंगी अन्नाऐवजी ‘मिस्थॉस’, म्हणजे मजुरी, हा शब्द आहे. देणाऱ्याने विनामोल द्यावे. परंतु त्याला जेवू घालण्याची जबाबदारी ज्यांनी घेतले त्यांची.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तर हा विचार एका टोकापर्यंत नेला आहे. मळणीच्या बैलाचा दाखला देऊन तो सुवार्तिकांचा पोटापाण्याचा हक्क प्रथम ठासून मांडतो. त्यानंतर म्हणतो की मी स्वतः तो हक्क वापरीत नाही. सुवार्ता फुकट सांगणे हाच माझा मिस्थॉस. मजुरी न घेणे हीच ज्याची मजुरी, असा हा मनुष्य. आंतरिक प्रेरणेची यापेक्षा नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. मात्र तो हक्क सोडतो तो पौल स्वतः. करिंथकरांनी त्याला तसे सुचविलेले नाही. त्याग करणाऱ्याच्या हातचा त्याग पवित्र असतो. मालकाने त्याची मागणी केली की त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट राहते. बाहेरचे बक्षीस वा दंड नसला म्हणजे प्रेरणा आंतरिक झाली, असे आपण सहज समजतो. ते खरे नाही. डेसी आणि रायन दाखवितात की बाहेरचा चाबूक माणूस पुष्कळदा स्वतःच्या आत आणून ठेवतो. कोणी पाहत नसतानाही तो चालतच राहतो: गेलो नाही तर लोक काय म्हणतील, केले नाही तर मी कसला विश्वासू, नाव खाली जाईल. १९९३ साली रायन, रिग्बी आणि किंग यांनी ख्रिस्ती व्यक्तींच्या धार्मिक आचरणाचा याच दृष्टीने अभ्यास केला. तेच आचरण कोणी अपराधभावाच्या टोचणीने करीत होते, तर कोणी ते आपलेसे झाले म्हणून. पहिल्या प्रकारच्या लोकांत मनाची अस्वस्थता अधिक आढळली, दुसऱ्यांत स्वास्थ्य. गॉर्डन ऑलपोर्ट यांनीही १९६७ साली रॉस यांच्यासमवेत धर्म वापरणारा आणि धर्म जगणारा असा भेद केला होता. मंडळीत वर्षानुवर्षे खपून थकलेली, किंचित कडवट झालेली माणसे आपण पाहतो. कदाचित त्यांच्यापैकी आपणही असू. त्यांना कोणी पैशाने बांधलेले नसते. ती आतल्या दोरीने बांधलेली असतात. बाजाराची अट आपल्याला दिसते तरी. ही दोरी भक्तीच्याच वेषात वावरते.

मग मुलांना वचने कशी शिकवावीत? मंडळीची कामे कशी चालावीत? माझ्या अल्प अनुभवाने सांगतो. काम का करावयाचे ते मोकळेपणाने सांगावे. ते कसे करावे यात करणाऱ्याला निवड असू द्यावी. चांगले झाले असेल तर नेमके काय चांगले झाले ते बोलून दाखवावे. ‘शाबास’ या कोरड्या शब्दाने ते भागत नाही. ज्याचे देणे लागते त्याला वेळेवर आणि पुरेसे द्यावे, आणि दिल्याचा गवगवा करू नये. बक्षीस द्यावयाचेच झाले तर ते काम झाल्यावर, आनंद म्हणून, न सांगता द्यावे.

कोणी विचारील की स्वर्गातील पित्याचे प्रतिफळ हेही आमिषच नव्हे काय? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मिस्थॉस हा शब्द वारंवार येतो. मजुरांच्या दाखल्यात आपण त्यालाच ‘मजुरी’ म्हणतो, येथे ‘प्रतिफळ’. सी. एस. लुईस यांनी १९४१ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या एका उपदेशात या शंकेला उत्तर दिले आहे. काही बक्षिसे कामाला बाहेरून चिकटविलेली असतात, तर काही त्या कामाचीच परिपूर्ती असतात. पैशासाठी लग्न करणारा लोभी ठरतो. पण प्रीती करणाऱ्याला लग्नाची आस असली तर त्याला कोणी भाडोत्री म्हणत नाही. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील नीतिमान लोक प्रतिफळ मिळताना चकित होतात. आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिले, असे ते विचारतात. त्यांच्यापुढे भुकेला मनुष्य होता, पारितोषिक नव्हते. ते बालवाडीतील त्या मुलांसारखे आहेत, ज्यांच्या हाती प्रशस्तिपत्र आले ते चित्र पुरे झाल्यावर.

ईयोबालाही शेवटी सारे दुपटीने परत मिळाले: सात हजारांच्या जागी चौदा हजार मेंढरे, तीन हजारांच्या जागी सहा हजार उंट. परंतु राखेत बसला असताना त्याला तसे कोणी कबूल केलेले नव्हते. तो भांडला, रडला, देवाला जाब विचारला, पण पाठ फिरविली नाही. सैतानाच्या प्रश्नाला तेच उत्तर होते; मेंढरे मागाहून आली.

त्या डोंगराळ भागातील शुभवर्तमान पुढे छापून झाले. प्रकाशनाच्या दिवशी त्या बाई आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. नातीकडून त्यांनी शोमरोन्याचा दाखला काढवून घेतला, तो शब्द येईपर्यंत ऐकला, आणि “हाच,” असे म्हणून पुस्तक मिटले. ज्या अध्यायांना मी मोल दिले होते ते आम्हांला दुसऱ्यांदा तपासावे लागले. हा अध्याय मात्र जसा झाला होता तसाच छापला गेला.